पाणी तिचे, कागद कुणाचा?

(राऊ येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करणे हा माझा धंदा नाही. मी बँकेत काउंटरवर बसणारी कारकून आहे. बी. कॉम. झाले, परीक्षा दिली, नोकरी लागली आणि गेली वीस-बावीस वर्षे लोकांचे पैसे मोजते आहे. 'ग्रामीण भागातील नैसर्गिक साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनात महिलांचा सहभाग' हा विषय माझ्याकडे आला तेव्हा मी कार्यवाहांना म्हटले, "काका, विषय इतका लांब आहे की तो वाचून दाखवण्यातच माझी वेळ संपेल." ते म्हणाले, "बँकेत जे पाहतेस ते सांग, पुरे आहे." म्हणून तिथूनच सुरुवात करते.

किसान क्रेडिट कार्डाच्या नूतनीकरणाचे दिवस होते. महूच्या पलीकडे, घाटाच्या बाजूच्या एका गावातले नवरा-बायको आले होते. फॉर्म भरताना मी विचारले, सिंचनाचे साधन काय? नवरा म्हणाला, विहीर आहे, बोअर आहे. पाणी किती दिवस पुरते? तो बायकोकडे पाहू लागला. मग ती बोलू लागली. विहीर होळीपर्यंत साथ देते, पुढे मोटार वीस मिनिटे चालते आणि हवा ओढते. पहिला बोअर कोरडा गेला, दुसरा साडेपाचशे फूट आहे, पण शेजाऱ्याचा चालू असला की आपला बसतो. गव्हाला चार पाणी मिळाली तर बरे, नाहीतर निम्म्या शेतात हरभराच टाकावा. सगळे तिला तोंडपाठ होते. मी लिहून घेत गेले आणि मग कागद पाहिले. खसरा त्याच्या नावावर, बी-१ त्याच्या नावावर, ऋण पुस्तिका त्याच्या नावावर. सगळ्या फॉर्मात तिच्यासाठी एकच रकाना होता, नॉमिनीचा. म्हणजे नवरा गेल्यावर तिचा विचार व्हायचा!

त्या दिवशी मला कळले की 'सहभाग' हा शब्दच आपण चुकीच्या ठिकाणी वापरतो. गावातल्या बाईचा सहभाग कमी कुठे आहे? पाणी ती भरते, सरपण ती आणते, गुराला चारा ती घालते, बियाणे ती निवडून डब्यात ठेवते. काम तिचेच आहे. नाही तो निर्णय, आणि नाही तो कागद. आज मी बोलणार आहे ते या दोन गोष्टींवर.

आधी आपल्या माळव्याची गोष्ट. पावलोपावली पाणी असलेला मुलूख, अशी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला माळव्याची ओळख होती. महाराष्ट्रातून इथे आलेली आपली घराणी या पाण्यावर आणि या काळ्या जमिनीवर रुजली. पावसाळ्यात जमिनीत ओल मुरायची आणि त्या ओलीवर गहू यायचा. मग सत्तरच्या दशकात सोयाबीन आले, मागोमाग ट्यूबवेल आले. हिवाळ्याचा गहू ओलीवर न राहता उपशावर आला. नव्वदच्या सुमाराला शेजारच्या देवासला रेल्वेने पाणी पोचवावे लागले. लातूरला २०१६ साली मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली तेव्हा सगळ्या देशाला नवल वाटले, पण आपल्या अंगणात ते पाव शतक आधीच घडून गेले होते. आणि इंदूरचे काय? १९७८ पासून इंदूर नर्मदेचे पाणी पिते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापत आणि विंध्य चढत ते पाणी येते. आपण नळ सोडतो तेव्हा निमाडातली नदी डोंगर चढून आपल्या स्वयंपाकघरात आलेली असते, हे आपण विसरतो.

विहीर जाऊन बोअर आला त्याने आणखी एक गोष्ट झाली, जिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. विहिरीचे पाणी सगळ्यांना दिसे. रोज दोर सोडणाऱ्या बाईला या महिन्यात दोर किती हात जास्त लागला हे कळत असे. मोजमापाचे ते यंत्रच तिच्या हातात होते. बोअरचे पाणी कोणालाच दिसत नाही. दिसतो तो फक्त स्टार्टर, आणि स्टार्टरच्या पेटीची किल्ली पुरुषाच्या खिशात असते. म्हणजे साधन बदलले आणि त्याबरोबर बाईच्या जाणतेपणाची किंमतही गेली. पाणी आटले की हंडा घेऊन दूर जायचे काम मात्र पुन्हा तिच्याकडेच आले.

जुन्या विहिरी-बावड्यांकडे पाठ फिरवली की काय होते हे इंदूरने ३० मार्च २०२३ रोजी पाहिले. रामनवमीच्या दिवशी पटेल नगरातल्या मंदिरात बावडीवर टाकलेला स्लॅब खचला आणि छत्तीस माणसे गेली. बावडी तिथे होती. ती झाकून टाकण्याचा निर्णय कधीतरी कोणीतरी घेतलेला होता. पाण्याच्या जागेचे व्यवस्थापन हा सरकारी कागदावरचा शब्द वाटतो, पण तो माणसांच्या जिवाशी असा बांधलेला असतो.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येते. २०२५ साली आपण देवी अहिल्याबाईंची त्रिशताब्दी साजरी केली. हार घातले, पालख्या काढल्या, मुलींना नऊवारी नेसवून हातात शिवपिंड दिली. त्यांनी देशभर घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा बांधल्या हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. पण पैसा कुठून आला, हा प्रश्न बँकेतल्या माणसाला पडतोच. त्याचे उत्तर 'खासगी' या एका शब्दात आहे. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने खासगी जहागीर लावून दिली. दौलतीचा महसूल निराळा आणि खासगीचा निराळा. गौतमाबाईंच्या मागे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली आणि त्यांच्या धर्मकार्याचा खर्च या उत्पन्नातून होत राहिला. त्या पुण्यशील होत्या हे तर खरेच. पण पुण्य करण्याची इच्छा त्या काळात हजारो बायकांना असेल. अहिल्याबाईंच्या हातात इच्छेबरोबर एक सनद होती, एक वेगळा जमाखर्च होता आणि तो स्वतः तपासण्याची करडी शिस्त होती. सासूच्या नावावर कागद झाला म्हणून सुनेच्या हातून विहिरी झाल्या. एवढी एक ओळ आपण आपल्या जयंतीच्या कार्यक्रमात कधी सांगितली आहे का?

आता अलीकडचे पाहा. नर्मदेच्या पाण्याबाबत चार राज्यांचा जो तंटा होता त्याचा निवाडा १९७९ साली लागला. पुनर्वसनाच्या दृष्टीने तो त्या काळी चांगला मानला गेला, कारण त्यात जमिनीच्या बदल्यात जमीन होती. ज्या कुटुंबाची पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन बुडणार त्याला किमान दोन हेक्टर. पण कुटुंब म्हणजे कोण? नवरा, बायको, अज्ञान मुले आणि कुटुंबप्रमुखावर अवलंबून असलेली माणसे, जशी विधवा आई. पुढे लिहिले की प्रत्येक सज्ञान मुलगा हा स्वतंत्र कुटुंब धरला जाईल. सज्ञान मुलीबद्दल तसे काही लिहिले नाही. दोन भावंडे, एकाच घरात वाढलेली, एकाच शेतात राबलेली. कागदावर भाऊ म्हणजे एक कुटुंब आणि बहीण म्हणजे कोणीच नाही. धरण हवे की नको हा आजचा विषय नाही. या सभागृहात दोन्ही मतांची माणसे बसली आहेत आणि मी कोणालाच दुखवू इच्छित नाही. पण ११ जानेवारी १९९८ रोजी महेश्वर धरणाच्या जागेवर निमाडातले हजारो लोक जाऊन बसले तेव्हा त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. धरणे धरायला बाई चालते, मग जमीन धरायला का चालत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

सिंचनाच्या कायद्यांतही हेच आहे. महाराष्ट्रात २००५ साली शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्था चालवण्याचा कायदा झाला. कल्पना उत्तम, पाण्याचा कारभार पाणीवापर संस्थेने करायचा. पण सभासद कोण, तर जमीनधारक. जमीन बाईच्या नावावर नाही म्हणून ती सभासद नाही, सभासद नाही म्हणून मत नाही. रांगेत पहिला आकडा चुकला की पुढची सगळी बेरीज चुकते, तसे हे झाले.

कोणी म्हणेल, आता पंचायतीत आरक्षण आहे. आहे, आणि त्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. ७३वी घटनादुरुस्ती एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिच्यानुसार पंचायतीच्या निवडणुका सर्वांत आधी घेणारे राज्य आपले मध्य प्रदेश होते, १९९४ साली. २००७ पासून इथे महिलांना निम्म्या जागा आहेत, महाराष्ट्राने ते २०११ मध्ये केले. 'सरपंचपती' हा शब्दही आपल्याच भागात सर्रास ऐकू येतो. सरपंच बाई घरी चहा करते आणि पती महाशय शिक्का खिशात घालून फिरतात. त्यावर आपण हसतो. पण हसून सोडून देण्याआधी एक अभ्यास ऐका. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या दोघांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती तपासल्या आणि २००४ साली निष्कर्ष छापले. सरपंचपद महिलेला राखीव कोणत्या गावात हे पाळीने ठरत असल्यामुळे तुलना नेमकी करता आली. दोन्ही राज्यांत, जिथे प्रमुखपदी बाई होती तिथे पिण्याच्या पाण्यावर खर्च जास्त झाला. डुफ्लोबाईंना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळाले. सांगायचे एवढेच की नवऱ्याचा हात धरून का होईना, बाई खुर्चीवर बसली की पाण्याची बाब यादीत वर येते.

दुसरा अभ्यास बिना अगरवाल यांचा. त्यांनी गुजरात आणि नेपाळातल्या गावच्या वन समित्या पाहिल्या. त्यांचे म्हणणे असे की समितीत एखादी बाई बसवून काही होत नाही, ती गप्प बसते. साधारण चौथा ते तिसरा हिस्सा बायका असल्या की त्या बोलू लागतात. हे समजायला पुस्तकाची गरज नाही. आपल्या मंडळाच्या सभेत पंधरा पुरुषांत एकटी बसले तर मीसुद्धा "काही नाही, तुमचे चालू द्या" असेच म्हणते.

आता जिथे काम झाले आहे ती उदाहरणे सांगते, म्हणजे नुसती तक्रार केली असे होणार नाही.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे निघाली. खडी फोडली, पाझर तलाव खोदले, बांध घातले. त्या कामांवर बायका फार मोठ्या संख्येने होत्या. तलाव भरले तेव्हा पाणी गेले कोणाच्या विहिरीला? ज्याची जमीन खाली होती त्याच्या. खोदणारीला हजेरीचे पैसे मिळाले आणि हिशेब मिटला. याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नाईगावला विलासराव साळुंखे आणि कल्पनाताई साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम साधा होता. पाणी जमिनीवर नाही, माणसावर वाटायचे. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. भूमिहीनालाही वाटा. माझ्या मते यात सगळे मर्म आहे. पाणी एकरावर मोजले की बाई हिशेबातून बाहेर पडते, डोक्यावर मोजले की ती आपोआप आत येते.

दुसरे उदाहरण शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले. त्यातून पुढे 'लक्ष्मी मुक्ती' निघाली. ज्या गावातले शंभर शेतकरी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करतील ते गाव लक्ष्मीच्या ऋणातून मुक्त झाले असे जाहीर व्हायचे. हे करणारे कोणी शहरी सुधारक नव्हते, कांदा आणि कापूस पिकवणारे शेतकरी होते. पुढे १९९२ मध्ये महाराष्ट्र शासनाने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावून घेण्यासाठी परिपत्रकही काढले. काँग्रेस असो, भाजप असो की आणखी कोणी, या गोष्टीला कुठल्या पक्षाचा रंग लावायची गरज नाही.

तिसरे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचे. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार आणि आमच्या गावात आम्हीच सरकार, असे म्हणणारे हे गाव. ग्रामसभेत बाया-बापे सगळे बसतात आणि निर्णय सर्वांच्या संमतीने होतो. बहुमत नाही, सर्वसंमती. याचा अर्थ असा की एका बाईनेही नाही म्हटले तर तिचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. २००९ साली या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचे अधिकार ग्रामसभेकडे आले. ज्या वनहक्क कायद्याने हे झाले, त्या २००६ च्या कायद्यात वैयक्तिक पट्टासुद्धा विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावाने द्यायचा असे लिहिले आहे. आदिवासीच्या जमिनीला जो न्याय, तो आपल्या शेताला का नको?

आपल्याच राज्यात झाबुआला १९९४ पासून राजीव गांधी जलग्रहण मिशनची कामे झाली. त्यात बायकांचे बचत गट निघाले, त्यांचे नाव 'बैराणी कुलडी'. बायकांचे मडके, म्हणा. बचत आणि पाणलोट एकत्र चालले. आणि बुंदेलखंडात, छतरपूर जिल्ह्यातल्या अंगरोठा गावी, तलाव कोरडा राहतो म्हणून दोनशेहून जास्त बायकांनी डोंगर फोडून १०७ मीटरचा चर खोदला. त्याला दीड वर्ष लागले. त्यांच्यात पुढे असलेली बबिता राजपूत तेव्हा विशीच्या आतली मुलगी होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तिचे नाव घेतले.

शेवटचे उदाहरण राहीबाई पोपेरे यांचे. अकोले तालुक्यातले कोंभाळणे गाव, ज्या जिल्ह्याला आता अहिल्याबाईंचेच नाव आहे तो अहिल्यानगर जिल्हा. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान वालाची, घेवड्याची, भाताची बियाणी जपली आणि बियाण्यांची बँक केली. बायफ संस्थेने मदत केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बँकेचा नियम आमच्या बँकेपेक्षा कडक आहे. बियाणे न्यायचे आणि पिकल्यावर दुप्पट परत आणून द्यायचे. तिथे मात्र ना खसरा लागतो, ना ऋण पुस्तिका.

आमच्या बँकांनी काही केले नाही असे नाही. नाबार्डने १९९२ साली पाचशे गटांपासून बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली आणि आज तो कारभार केवढा तरी मोठा झाला आहे. बायका हप्ता वेळेवर भरतात हे मी काउंटरवरून रोज पाहते. पण गटाला कर्ज मिळते ते शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, दुकानासाठी. विहीर खोल करायला, बांध घालायला मोठी रक्कम लागते, आणि तिथे तारण म्हणून जमिनीचा कागद मागितला जातो. तो तिच्याकडे नसतो. म्हणजे पुन्हा आपण त्याच दारात येऊन उभे राहतो.

एक सावधगिरीची सूचनाही करते. 'सहभाग' म्हणजे बाईवर आणखी एक फुकटचे काम, असे होऊ नये. ऑगस्ट २०१९ मध्ये जल जीवन मिशन जाहीर झाले. त्यात गावच्या पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात आणि प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यावे, असे ठरले. हे चांगलेच आहे. पण पाणी तपासायचे तिने, पाणीपट्टी गोळा करायला दारोदार फिरायचे तिने, आणि टाकी कुठे बांधायची, ठेका कोणाला द्यायचा हे मात्र ओट्यावर बसून चौघांनी ठरवायचे, असे झाले तर त्याला सहभाग म्हणायचे की वेठबिगारी, हे तुम्हीच ठरवा.

आता जे सांगणार आहे ते सांगू की नको, असा विचार मी दोन दिवस करत होते. माझ्या माहेरची इथून जवळच थोडी शेती होती आणि तिच्यात आजोबांनी बांधलेली दगडी विहीर होती. माझ्या आईने त्या विहिरीवर तीस वर्षे पाणी भरले. चैत्रात पाणी कुठल्या पायरीवर असते यावरून ती त्या वर्षीचा अंदाज सांगायची. वडील गेले. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे मी बँकेत चार जणांना समजावून सांगितलेले होते. भाऊ एक दिवस कागद घेऊन आला. म्हणाला, "ताई, नामांतरण अडलंय, हक्कसोडीवर सही करून टाक." मी सही केली. ज्या बाईने हजार लोकांना "वाचून सही करा" असे सांगितले, तिने न वाचता केली. भाऊ वाईट नाही, त्याने मला फसवले नाही. मी मागितले असते तर त्याने पैसेही दिले असते. पण पुढे जमीन विकली गेली, कॉलनी कापली गेली आणि विहीर मुरूम टाकून बुजवली. कोणी विचारले नाही. कोणाला विचारणार? आईचे नाव कागदावर कधी लागलेच नव्हते आणि माझे मी स्वतः काढून दिले होते. बातमी ऐकून आई एवढेच म्हणाली, "मला एकदा सांगितलं असतं तर बघून आले असते." आज त्या कॉलनीत उन्हाळ्यात टँकर येतो.

म्हणून मी हे भाषण उपदेश म्हणून करत नाही. माझ्याकडून चूक झाली आहे आणि ती तुमच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठी बोलते आहे. आपली जुनी घराणी आहेत. राऊ, महू, देपालपूर, सांवेर, निमाड, कुठे ना कुठे आपल्यातल्या अनेकांची शेती, विहीर, आमराई अजून आहे. शहर वाढत या जमिनींपर्यंत येऊन पोचले आहे. येत्या दहा वर्षांत यांतल्या बहुतेक कागदांवर सह्या होणार आहेत. त्या सह्या कोणाच्या असतील, हा माझ्या दृष्टीने आपल्या समाजाचा खरा राजकीय प्रश्न आहे.

म्हणून मंडळापुढे चार सूचना ठेवते.

पहिली, मंडळाने आपल्या कुटुंबांकडच्या विहिरी आणि बावड्यांची एक वही करावी. जागा, खोली, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत राहते, झाकलेली आहे की उघडी, कठडा आहे की नाही. ही माहिती घरातल्या वयस्क बायकांना विचारून लिहावी, कारण ती त्यांनाच ठाऊक आहे.

दुसरी, वारसाचे नामांतरण करताना पत्नीचे, आईचे, मुलीचे नाव सहखातेदार म्हणून लावावे. मंडळात वकील आहेत, निवृत्त महसूल कर्मचारी आहेत. महिन्यातून एक दिवस त्यांनी बसावे, बँकेचे कागद मी पाहीन. हक्कसोड करायचीच असेल तर कागद घरात मोठ्याने वाचून दाखवावा आणि सहीपूर्वी आठ दिवस जाऊ द्यावेत. मुलीने स्वखुशीने सोडले तर तिची मर्जी, पण कशावर पाणी सोडते आहे हे तिला कळले पाहिजे.

तिसरी, ज्यांचे मतदान अजून गावात आहे त्या घरच्या बायकांनी ग्रामसभेला जावे, आणि एकटीने जाऊ नये, पाच-सहा जणींनी मिळून जावे. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. आधी आपसात बोलून गेले की मोठ्या सभेत आवाज फुटतो. आपल्याला तसे करायला कोणी मनाई केलेली नाही.

चौथी सूचना आपल्याच घरची. मंडळाच्या फराळ समितीत सात बायका आहेत. जागा आणि इमारत समितीत एकही नाही. बोअर कुठे घ्यायचा, छताचे पाणी जमिनीत कसे मुरवायचे हे त्या समितीत ठरते. पुढच्या निवडणुकीत तिथे किमान तिसरा हिस्सा महिला असाव्यात, असा ठराव मी आजच मांडते. अनुमोदन कोण देते ते बघू या. (सभागृहातून अनुमोदन आले.) आभारी आहे. पुरुषांपैकीही कोणी हात वर केला असता तर बरे वाटले असते, पण अजून चहा व्हायचा आहे, तोपर्यंत विचार करा.

गौतमाबाईंच्या नावे एक सनद झाली आणि तिचे पाणी दोन पिढ्यांत काशीपर्यंत पोचले. आपल्याला एवढे मोठे काही करायचे नाही. घरातल्या एका कागदावर एक नाव वाढवायचे आहे. घरी गेल्यावर कपाट उघडा, ऋण पुस्तिका काढा आणि कोणाकोणाची नावे आहेत ती वाचा. ज्या घरात आईचे नाव सापडेल त्या घराला माझा नमस्कार. जिथे सापडणार नाही तिथे बोलायला सुरुवात करा. माझ्या घरी ती फार उशिरा झाली.